मुख्य प्रवाह कोणाच्या घरातून वाहतो?

घरच्या ब्रॉडबँडवरून चित्रपट आणि मालिका पाहणे हा आपल्या देशात मुख्य प्रवाह होणार की नाही, यावर अलीकडे बरीच चर्चा होते. वर्तमानपत्रांच्या व्यापारी पानांवर होते, माध्यमांचे शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांत होते आणि आता परिवर्तनवादी चळवळीतले आमचे काही तरुण मित्रही ती हिरिरीने करू लागले आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, चित्रपटगृहाचा मालक, वितरक, वाहिनीचा अधिकारी या साऱ्या द्वारपालांना ओलांडून दलित दिग्दर्शकाची कलाकृती आता थेट घरात पोहोचते. तेव्हा हे तंत्र जितक्या लवकर सार्वत्रिक होईल तितके आपल्या हिताचे. या म्हणण्याची चिकित्सा झाली पाहिजे असे मला वाटते.

मुळात ‘मुख्य प्रवाह’ हा शब्द ऐकला की दलित वाचकाचे कान टवकारतात. पन्नास वर्षांपूर्वी याच शब्दाने आमच्या साहित्याला दटावले गेले. वेगळी चूल कशाला मांडता, मुख्य प्रवाहात या, असे प्रस्थापित समीक्षक सांगत होते. त्या प्रवाहाचा उगम कोठे, त्याचे पाणी कोण अडवते, काठावर बसण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्न त्यांना पडत नव्हते. आज ‘स्ट्रीमिंग’ या शब्दाचाही अर्थ प्रवाहच आहे. तेव्हा जुने प्रश्न नव्या प्रवाहाला विचारण्यात काही गैर नाही.

आधी वस्तुस्थिती पाहू. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीप्रमाणे २०२४ च्या अखेरीस देशात ब्रॉडबँडचे ग्राहक ९४ कोटींच्या आसपास होते. त्यांपैकी घरात किंवा कचेरीत तार ओढून घेतलेले होते सुमारे ४ कोटी. बाकीचे जवळजवळ सगळे मोबाईलवाले. एका तारेवर घरातली चार-पाच माणसे पाहतात हे धरले, तरी १४० कोटींच्या देशात सात माणसांमागे एक, एवढाच हिशेब निघतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला आणि चित्रफीत पाहणे गावोगाव पोहोचले. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना एका मंचावर एकाच वेळी ५ कोटी ९० लाख जोडण्यांवरून पाहिला जात होता. म्हणजे स्ट्रीमिंग मुख्य प्रवाह होणार का, हा प्रश्न आता शिळा झाला. ते झाले आहे. झाले नाही ते घरचे ब्रॉडबँड. पाहणे सार्वत्रिक झाले, पण ते घराला वळसा घालून झाले. असे का झाले, याचा विचार आमचे मित्र करीत नाहीत.

‘घर’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. २०११ च्या जनगणनेत देशातली ३७.१ टक्के कुटुंबे एका खोलीत राहत होती. ज्यांना स्वतःची म्हणून एकही खोली नाही अशी ३.९ टक्के वेगळीच. त्याच जनगणनेत टेलिफोन किंवा मोबाईल असलेली कुटुंबे ६३.२ टक्के होती आणि आवारात शौचालय असलेली ४६.९ टक्के. संगणक आणि त्यावर इंटरनेट असलेली कुटुंबे अवघी ३.१ टक्के. त्यानंतरची जनगणना वेळेवर झाली नाही. आकडे बदलले असतील, खोल्या काही त्या वेगाने वाढलेल्या नाहीत. घरगुती ब्रॉडबँडला भिंत लागते, कायमचा पत्ता लागतो, वीजबिल लागते, घरमालकाची संमती लागते. दर हंगामाला बिऱ्हाड पाठीवर घेऊन फडावर जाणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या कोपीला कोणती कंपनी तार ओढून देणार आहे? त्याच्याकडे मोबाईल आहे. दिवसाला दीड जीबी आहे. मोठ्या मंचावर उत्तम दर्जाचे चित्र पाहायचे तर तासाला तीन जीबीपर्यंत डेटा खर्च होतो. म्हणजे त्याच्या वाट्याला रोज अर्धा तास स्वच्छ चित्र येते, नाहीतर धूसर चित्र थोडे जास्त वेळ.

कंपन्यांना हे आपल्यापेक्षा आधी कळले. नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये भारतात आले तेव्हा त्याचा सर्वांत स्वस्त दर महिना ५०० रुपये होता. जुलै २०१९ मध्ये त्यांनी खास भारतासाठी १९९ रुपयांची मोबाईलपुरती योजना काढली. डिसेंबर २०२१ मध्ये ती १४९ रुपयांवर आली. या योजनेत कमी दर्जाचे चित्र, एकच पडदा, आणि तोही लहान. दूरचित्रवाणी संचावर ते लावता येत नाही. स्वस्ताईचे स्वागत करायला माझी हरकत नाही. पण या योजनेची रचना नीट पाहा. ज्याच्याकडे पैसा आहे त्याचे कुटुंब मोठ्या पडद्यासमोर एकत्र बसून पाहील. ज्याच्याकडे नाही त्याने तळहाताएवढ्या काचेवर एकट्याने पाहावे. गरिबाला वस्तू मिळाली, पण शेजारी बसलेल्या माणसासकट मिळाली नाही.

या शेजारच्या माणसाचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक दूरदर्शन संच बसवण्यात आले होते. त्या प्रयोगाचे गोडवे पुष्कळ गायले गेले. संच कोणाच्या ओट्यावर ठेवला आणि महारवाड्यातले, मांगवाड्यातले, चांभारवाड्यातले लोक कोठे बसले, हे विचारल्याशिवाय मी त्या गोडव्यांत सूर मिसळणार नाही. पण संच सार्वजनिक होता, म्हणून हा प्रश्न विचारता तरी येत होता. ज्या ओट्यावर बसू दिले जात नाही त्या ओट्यासाठी भांडता येते. महाडला चवदार तळे होते, म्हणून १९२७ चा सत्याग्रह होऊ शकला.

पुढे दूरदर्शन घरोघरी गेले. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात दर रविवारी ‘रामायण’ दाखवले गेले. साऱ्या देशासाठी एक वाहिनी आणि एक वेळ. प्रस्थापितांचा मुख्य प्रवाह याहून मुख्य कधीच नव्हता. नेमक्या त्याच काळात महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या ‘रिडल्स’वरून वादळ उठले आणि १९८८ च्या सुरुवातीला मुंबईत लाखो दलितांचा मोर्चा निघाला. राम दर रविवारी पडद्यावर होता आणि रामाची चिकित्सा करणाऱ्या प्रकरणासाठी आमची माणसे रस्त्यावर होती. ही एक बाजू झाली. दुसरी बाजू आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. मालिका संपत आली तेव्हा पंजाबात जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. ते वाल्मीकी समाजाचे. मालिकेने उत्तरकांड गाळले, म्हणजे आमचा वाल्मीकी गाळला, ते दाखवलेच पाहिजे, अशी त्यांची मागणी होती. संप उत्तरेतल्या इतर शहरांतही पसरला. उन्हाळा होता, रस्त्यांवर कचरा साचला आणि सरकारला नमावे लागले. पुढचा भाग तयार होऊन दाखवला गेला.

त्या मागणीच्या आशयाशी मी सहमत नाही. झाडूवाल्याला वाल्मीकीचे वंशज म्हणवून घेण्यातून जे समाधान मिळते ते हिंदू चौकटीतलेच समाधान आहे. पण त्या संपाचे रूप पाहा. पडद्यावर काय दाखवावे हे झाडू खाली ठेवून ठरवणारे दुसरे प्रेक्षक माझ्या माहितीत नाहीत. हे शक्य झाले कारण पडदा एक होता, तो सरकारचा होता आणि ज्यांना तो हलवायचा होता ते सारे एकाच वेळी तोच पडदा पाहत होते.

आज कोणाविरुद्ध संप करणार? माझ्या पडद्यावर जे येते ते तुमच्या पडद्यावर येत नाही. मी काय पाहिले यावरून मंच मला पुढचे काढून देतो. भीमगीते पाहणाऱ्याला भीमगीते मिळतात आणि आरक्षणाविरुद्ध गरळ ओकणाऱ्याला त्याच चवीचा खुराक. दोघांनाही वाटते, सारा देश हेच पाहतो आहे. गावकुसाबाहेर वस्ती ठेवण्याची ही नवी, फार सभ्य रीत आहे. तिथे हाकलणारा दिसत नाही आणि हाकलले गेल्याचे कळतही नाही.

एकट्याने पाहण्यात काही मुक्तीही आहे, हे मी नाकारीत नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची धून वाजली. त्यावरून भांडण काढून त्याचा खून करण्यात आला. जात लपवून भाड्याच्या खोलीत राहणारी आमची किती मुले कानात बोंडे घालून वामनदादांची गाणी ऐकत असतील! त्यांना तो खासगी पडदा म्हणजे आडोसा आहे. आडोसा लागतो. परंतु आडोशालाच कोणी स्वातंत्र्य म्हणू लागले, तर त्याला थांबवून विचारले पाहिजे.

आता कलाकृतींकडे येतो. आमचे मित्र जी उदाहरणे देतात ती नीरज घायवान यांच्या ‘गीली पुच्ची’पासून (नेटफ्लिक्स, एप्रिल २०२१) सुरू होतात, आणि ते योग्यच आहे. कारखान्यात यंत्रावर काम करणारी भारती मंडल, तिला हवी असलेली टेबलाची नोकरी मिळवणारी ब्राह्मण प्रिया, दोघींमधली ओढ, आणि शेवटी भारतीने अतिशय थंड डोक्याने केलेला हिशेब. दलित स्त्री येथे दयेचा विषय नाही. ती चतुर आहे, प्रसंगी निष्ठुर आहे, आणि चहाच्या भांड्यावरून तिची जात ओळखली जाते तेव्हा ती रडत बसत नाही. चांगल्या मराठी दलित कथेच्या तोडीचे हे काम आहे असे मी म्हणेन. त्याच दिग्दर्शकाने ‘मेड इन हेवन’च्या दुसऱ्या पर्वात (२०२३) दलित वधूचा बौद्ध विवाह दाखवला. अनेकांचे डोळे पाणावले. मलाही तो प्रसंग आवडला. परंतु ही मालिका आहे धनिकांची लग्ने लावून देणाऱ्यांची. एका भागात आमचा स्वाभिमान पाहुणा म्हणून मांडवात आला, सन्मानाने बसला आणि पुढच्या भागात मांडव दुसऱ्याचा झाला. उलट ‘सीरियस मेन’मध्ये (२०२०) दलित बाप मुलाला खोटा बुद्धिमान ठरवून विकतो. व्यवस्थेचे व्यंग दाखवायचे म्हणून केलेली ही रचना असेल, पण दलिताच्या गुणवत्तेवर आधीच संशय घेणाऱ्या प्रेक्षकाच्या हाती ती काय देते? घरबसल्या पाहणाऱ्या वर्गाला ती गुदगुल्या करते, एवढेच.

तामिळ चित्रपटांची गोष्ट वेगळी आहे. पा. रंजित यांचा ‘सारपट्टा परंबरै’ जुलै २०२१ मध्ये आणि ‘जय भीम’ त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात महासाथीमुळे थेट ॲमेझॉन प्राइमवर आले. ‘जय भीम’ने इरुळर या आदिवासी जमातीवरचा पोलिसी अत्याचार साऱ्या देशापुढे मांडला. पोहोच विलक्षण होती, यात शंका नाही. तरीही मला सारखे वाटत राहिले की उत्तर मद्रासच्या मुष्टियोद्ध्यांचा तो चित्रपट खच्चून भरलेल्या थिएटरात दाखवला जायला हवा होता. ‘काला’ (२०१८) ज्यांनी थिएटरात पाहिला त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. ‘सैराट’च्या वेळी (२०१६) गावोगावची पोरे पडद्यापुढे नाचली, आणि त्याच पोरांना शेवटच्या दोन मिनिटांत एकमेकांकडे पाहता येईना. शेजारी कोणत्या जातीचा बसला आहे हे ठाऊक नसलेल्या अंधारात ती शांतता घडली. ती शांतता समीक्षेचा विषय आहे. मोबाईलवर ती घडत नाही. तिथे बोट लावले की चित्र थांबते.

द्वारपाल गेले, हेही खरे नाही. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी हे मंच सरकारी देखरेखीच्या तीन पायऱ्यांखाली आणले. एका दलित मुलीच्या हत्येच्या तपासावरचा ‘संतोष’ हा संध्या सुरी यांचा चित्रपट मार्च २०२५ मध्ये परिनिरीक्षण मंडळाने अडवला. त्यानंतर तो एका मंचावर येणार असे जाहीर झाले, आणि ऑक्टोबरात तेही रद्द झाले. चित्रपटगृहाच्या दारावरचा पहारेकरी घराच्या नळावरही बसू शकतो, हे यातून दिसले.

मोठे मंच बाजूला ठेवू. खरी उलथापालथ फुकटच्या यूट्यूबवर झाली आहे. जलशांपासून आलेली आमची परंपरा कॅसेटीवर गेली, कॅसेटीवरून व्हीसीडीवर, मग मोबाईलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत भरून मिळणाऱ्या मेमरी कार्डावर आणि तिथून यूट्यूबवर. औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीते गात दारोदार फिरत. मोबाईलवर टिपलेल्या चित्रफितीने त्यांचा आवाज महाराष्ट्रभर नेला. कोणत्या संगीत कंपनीने त्यांना दार उघडले असते? ‘दलित कॅमेरा’, ‘नॅशनल दस्तक’, ‘द मूकनायक’ यांनी वर्तमानपत्रांनी न छापलेल्या बातम्या लोकांपुढे आणल्या. हे सारे खरे. पण कॅसेट एकदा घेतली की ती आपली होती. स्ट्रीमिंगची चित्रफीत तुकड्यातुकड्याने येते आणि पाहून झाली की आपल्यापाशी काही उरत नाही. तोटी दुसऱ्याच्या हाती असते. एप्रिल २०२४ मध्ये, ऐन निवडणुकीत, सरकारी आदेशाचा हवाला देऊन यूट्यूबने ‘नॅशनल दस्तक’ला वाहिनी बंद करण्यासंबंधी नोटीस पाठवली, तेव्हा हे स्पष्ट झाले.

येथे तंत्राबद्दल थोडे सांगणे भाग आहे, कारण तंत्र तटस्थ असते अशी आमच्यातल्या अनेकांची समजूत आहे. २००५ साली आपल्याकडे टेलिफोनच्या तारेवरून घरगुती ब्रॉडबँड आले ते एडीएसएल पद्धतीचे. त्या नावातला ‘ए’ म्हणजे असममित. घराकडे येणारा प्रवाह रुंद, घराकडून जाणारा अरुंद. २००४ च्या धोरणाने ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस अशी व्याख्या केली, तीही घराकडे येणाऱ्या वेगाची. उलट दिशेचा वेग १२८ धरला तर तीन मिनिटांच्या गाण्याची ५० एमबीची चित्रफीत वर चढवायला जवळजवळ तासभर लागणार. कोणी मनुवादी अभियंत्याने कट करून हे केले असे मी म्हणत नाही. तांब्याच्या तारेच्या मर्यादा होत्या, आणि घरातला माणूस मुख्यतः घेईल, देणार नाही, असे गृहीत धरून त्या मर्यादा वाटून दिल्या गेल्या. पण हे गृहीतक आपल्या फार ओळखीचे आहे. काहींनी सांगायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे! आता काचतंतूची तार दोन्ही बाजूंना सारखा वेग देऊ शकते. मोबाईलचा मनोरा अजूनही प्रामुख्याने खाली देण्यासाठीच जुळवलेला असतो. म्हणून घरच्या तारेचे महत्त्व पाहण्यापेक्षा बोलण्यासाठी जास्त आहे. ज्यांच्याकडे तार नाही त्यांचे पाहणे फारसे अडलेले नाही. त्यांचे सांगणे अडले आहे.

२०२० च्या टाळेबंदीत हे शिक्षणाच्या क्षेत्रात उघडे पडले. राष्ट्रीय नमुना पाहणीत २०१७-१८ साली ग्रामीण भागातल्या १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेट होते आणि शहरातल्या ४२ टक्के. वर्ग मात्र सर्वांचे ऑनलाइन भरले. माझ्या वर्गातली एक मुलगी बाप कामावरून मोबाईल घेऊन परतल्यावर, रात्री नऊनंतर, व्याख्याने पाहत असे. पाहणे तिला जमले. प्रश्न विचारणे जमले नाही, कारण रात्री नऊला तिथे विचारायला कोणी नव्हते.

त्याच्या आधी सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, वसतिगृहातल्या मुलींच्या मोबाईल वापरावर घातलेल्या बंधनाच्या खटल्यात, इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. पुढे जून २०२३ मध्ये केरळ सरकारने स्वतःचे काचतंतूंचे जाळे सुरू केले, आणि गरीब कुटुंबांना फुकट जोडणी हा त्याचा घोषित हेतू आहे. केंद्राची योजना २०११ पासून अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत तार नेण्याची आहे. ग्रामपंचायतीपासून आमची वस्ती किती लांब असते, हे वाचकांना सांगायला नको.

म्हणून माझी मागणी घराची नाही. तार विहारात यावी, समाजमंदिरात यावी, मागासवर्गीय वसतिगृहात यावी. तिथे एक मोठा पडदा असावा आणि वर चढवण्याचा वेग खाली येण्याइतकाच असावा. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’, ज्याच्या चित्रीकरणाला चौदा वर्षे लागली, तो २०१२ साली मुंबईच्या वस्त्यांतून पडदा लावून दाखवला गेला. नंतरची चर्चा चित्रपटाइतकीच मोलाची ठरली. तसे पाहणे पुन्हा उभे करायचे तर तारेइतकाच करारही आड येतो. मोठ्या मंचांच्या अटींत वर्गणी ‘एका कुटुंबासाठी’ असते. जुलै २०२३ पासून नेटफ्लिक्सने भारतातही घराबाहेरच्यांना खाते वापरू देणे बंद केले. काही मोजक्या माहितीपटांना शैक्षणिक प्रदर्शनाची मुभा आहे, कथापटांना नाही. ‘गीली पुच्ची’ आम्ही समाजमंदिरात वस्तीतल्या बायांना दाखवली तर तो करारभंग ठरतो.

आमच्या वस्तीतल्या मंडळींनी गेल्या वर्षी विहारासाठी जोडणी मागितली. कंपनीच्या अर्जावर दोनच रकाने होते, घरगुती आणि व्यावसायिक. व्यावसायिकाचा दर वर्गणीतून परवडणारा नव्हता, आणि घरगुतीसाठी कुटुंबप्रमुखाचे नाव हवे होते. बरीच चर्चा होऊन शेवटी विहाराला लागून राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकाच्या नावाने तार घेतली. ती त्यांच्या खिडकीतून विहारात आणली आहे. रविवारी संध्याकाळी तिथे तीस-चाळीस माणसे बसतात, आणि वस्तीतल्या दोन मुली आपण टिपलेल्या चित्रफिती तिथूनच वर चढवतात. कंपनीच्या दप्तरी ते सारे एकच कुटुंब आहे.